बुरशी माणसाच्या जिवावर उठेल का?

२००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत कुणीतरी हिवाळी झोपेतल्या वटवाघळांचे फोटो काढले. काहींच्या नाकाभोवती पांढरी भुकटी दिसत होती. पुढच्या हिवाळ्यात त्याच भागातल्या गुहांमध्ये मेलेल्या वटवाघळांचा सडा पडलेला सापडला. ती भुकटी म्हणजे बुरशी होती, आणि ती युरोप-आशियातून आली होती. तिकडची वटवाघळं तिच्यासोबत बऱ्यापैकी निभावून नेतात. अमेरिकेतल्यांना तिची सवय नव्हती. बुरशी कातडीत शिरायची, वटवाघूळ भर हिवाळ्यात पुन्हा पुन्हा जागं व्हायचं, साठवलेली चरबी जाळून बसायचं आणि वसंत यायच्या आत उपाशी मरायचं. दहा वर्षांच्या आत तिथल्या तीन जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त वटवाघळं संपली.

बेडकांवर तर याहून मोठं संकट कोसळलं. कायट्रिड गटातली एक बुरशी त्यांच्या कातडीत वाढते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो, त्यामुळे कातडी बिघडली की रक्तातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ साली शास्त्रज्ञांनी जगभरातला हिशेब मांडला. बेडूक आणि त्यांच्या भाऊबंदांच्या किमान ५०१ जातींची संख्या या रोगामुळे घटली होती आणि त्यातल्या ९० जाती बहुधा कायमच्या गेल्या होत्या. एकाच रोगाने इतक्या जाती बुडवल्याची दुसरी नोंद नाही.

म्हणजे प्राण्याची अख्खी जात खलास करण्याची ताकद बुरशीत आहे, यात शंका नको. मग माणूस त्यातून कसा सुटला, आणि कायमचा सुटला आहे का? माझं मत आधीच सांगून टाकतो. साऱ्या जगाला एका फटक्यात घेरणारी बुरशीची साथ येईल असं मला वाटत नाही. पण बुरशी ‘पुढे कधीतरी’ धोका ठरेल, हे म्हणणंही मला पटत नाही. ती आजच दरवर्षी लाखो माणसं मारते. यातले बरेचसे मृत्यू कर्करोग, एड्स, मधुमेह, न्यूमोनिया अशा दुसऱ्याच नावावर नोंदले जातात, एवढंच.

अंगाची ऊब

बुरशीच्या नाव दिलेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. प्रत्यक्षात त्या २२ ते ३८ लाख असाव्यात असा एक अंदाज आहे. त्यातल्या माणसाला आजारी पाडू शकणाऱ्या जेमतेम काही शे. झाडांना मात्र हजारो प्रकारच्या बुरश्या छळतात, कीटकांनाही छळतात. आपल्यालाच इतकी सूट का?

मोठं कारण अगदी साधं आहे: आपण गरम आहोत. बहुतेक बुरश्यांना १२ ते ३० अंश सेल्सिअस हे तापमान मानवतं. ३५ च्या वर त्यांचे हाल सुरू होतात. आर्तुरो कासादेवाल आणि व्हिन्सेंट रॉबर्ट या शास्त्रज्ञांनी २००९ साली बुरशीच्या हजारो वाणांच्या नोंदी तपासल्या. त्यात दिसलं, की ३० ते ४० अंशांच्या टप्प्यात प्रत्येक अंशाला साधारण सहा टक्के वाण गळत जातात. ३७ अंशांपर्यंत येता येता बहुसंख्य बाद झालेले असतात.

वटवाघळांच्या मृत्यूचं कोडंही इथेच सुटतं. वटवाघूळ सस्तन प्राणी आहे, एरवी आपल्यासारखंच ऊबदार. पण हिवाळी झोपेत त्याचं अंग गुहेइतकं थंड पडतं. त्याला मारणारी बुरशी २० अंशांच्या वर वाढतच नाही; उन्हाळ्यात तेच वटवाघूळ तिला झटकून टाकतं. प्लॅटिपसचंही असंच काहीसं दिसतं. त्याच्या अंगाचं तापमान ३२ अंशांच्या आसपास असतं, आणि टास्मानियातल्या प्लॅटिपसना बेडकांमध्ये आढळणाऱ्या एका बुरशीमुळे कातडीवर जखमा होतात. आपल्याला नायटा होतो तोही कातडीवर, म्हणजे शरीराच्या सगळ्यात गार भागावर, आणि तो सहसा आत उतरत नाही.

कासादेवाल यांनी यावरून आणखी एक कल्पना मांडली. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर गेले तेव्हा जगभर जंगलं कुजत होती आणि हवा बुरशीच्या बीजाणूंनी, म्हणजे तिच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांनी, भरली होती. थंड रक्ताच्या प्राण्यांना ते जड गेलं असावं, आणि ऊबदार सस्तनांना रान मोकळं मिळालं असावं. हे सिद्ध कसं करणार, हा प्रश्न आहेच, त्यामुळे मी ती चांगली गोष्ट म्हणूनच धरतो. पण सतत ३७ अंशांवर राहायला आपण जे ढीगभर अन्न खर्च करतो त्याचा काहीतरी मोबदला मिळत असणार, आणि हा त्यातला एक असावा, एवढं मात्र पटण्यासारखं आहे.

एक बीजाणू आत जातो

ऊब हा पहिला अडसर. तो ओलांडणाऱ्या बुरश्यांसाठी दुसरा अडसर म्हणजे प्रतिकारशक्ती. तो कसा चालतो हे ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीच्या एका बीजाणूवरून बघू.

कुजणारा पाला, खताचे ढीग, माती हे या बुरशीचं घर. खताचा ढीग आतून चांगलाच तापतो, आणि ही बुरशी ५० अंशांतही वाढते. तेव्हा आपल्या ३७ अंशांचं तिला काहीच नाही. तिचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाइतका. प्रत्येक माणूस दिवसाला असे शेकडो बीजाणू श्वासातून आत ओढतो. बरेचसे नाकात आणि श्वासनलिकेतल्या चिकट द्रवात अडकतात. काही मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात.

सुप्त बीजाणूवर प्रथिनांचा एक थर असतो. त्या थरामुळे तो प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरत नाही. पण ओलावा आणि ऊब मिळाली की काही तासांत बीजाणू फुगतो, वरचा थर उसवतो आणि खालची ग्लुकनची, म्हणजे एका प्रकारच्या साखरेची, भिंत उघडी पडते. वायुकोशात पहाऱ्यावर असलेल्या भक्षक पेशी नेमकी हीच भिंत ओळखतात आणि बीजाणू गिळून टाकतात. त्यांच्या हातून सुटलेला एखादा बीजाणू धागा काढू लागतो. धागा लांबला की तो गिळता येत नाही. मग रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, धाग्याभोवती गोळा होतात आणि त्याच्यावर मारक रसायनं सोडतात. वेळ पडली तर स्वतः फुटून आपल्याच डीएनएचं जाळं त्याच्यावर टाकतात. हे सगळं रोजचं आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता यातून न्यूट्रोफिल वजा करा. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असते तेव्हा त्यांची संख्या काही दिवस जवळजवळ शून्यावर येते. धाग्याला अडवायला कुणी नाही. तो वायुकोशाची भिंत भेदून रक्तवाहिनीत घुसतो, रक्त गोठतं, पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो आणि तेवढं फुप्फुस मरतं. वरून दिसतं काय, तर ताप, खोकला आणि स्कॅनवर एक डाग. डॉक्टर आधी जिवाणूंचा न्यूमोनिया धरून अँटिबायोटिक देतात, जे त्या क्षणी योग्यच असतं. थुंकीच्या कल्चरमध्ये बुरशी अनेकदा सापडत नाही. यात जे दिवस जातात तेच निर्णायक ठरतात.

दुसरा अडसर किती महत्त्वाचा आहे हे जगाला १९८१ साली कळलं. ५ जूनला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला होता, जो धडधाकट माणसाला होत नाही. एड्सची ती पहिली अधिकृत चाहूल. न्यूमोसिस्टिस ही बुरशी आहे हे तेव्हा माहीतही नव्हतं, ते काही वर्षांनी ठरलं.

एड्सशिवायही प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांची संख्या वाढतच गेली आहे, आणि त्याचं कारण चांगलं आहे. अवयव प्रत्यारोपण, केमोथेरपी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल, संधिवातावरची नवी औषधं, महिनोन्महिने आयसीयूत तग धरणारे रुग्ण. पूर्वी ही माणसं मूळ आजारानेच गेली असती. आता ती जगतात, आणि जगताना बुरशीसमोर उघडी पडतात.

२०२१ चा म्युकरमायकोसिस आठवतो ना? कोविडच्या दुसऱ्या लाटेत भारतात जुलैपर्यंत ४५ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि चार हजारांहून जास्त माणसं गेली. ‘काळी बुरशी’ या नावामुळे कसलातरी नवा जंतू आल्यासारखं वातावरण झालं होतं. प्रत्यक्षात हा रोग करणारी ऱ्हायझोपस ही बुरशी आणि तिच्या बहिणी माती, धूळ, शिळं अन्न यांवर पूर्वीपासून होत्याच आणि काळ्या तर त्या नव्हत्याच. काळा पडतो तो रक्तपुरवठा तुटून मेलेला मांसाचा भाग. बदललं होतं माणसाचं शरीर. अनियंत्रित मधुमेहात पांढऱ्या पेशी मंदावतात, रक्तातली आम्लता वाढली तर एरवी बांधलेलं लोह मोकळं होतं आणि या बुरश्यांना लोह फार आवडतं. त्यावर कोविडचा मार आणि स्टेरॉइडचे मोठे डोस. स्टेरॉइडने अनेकांचे जीव वाचले हे खरं, पण त्याने साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते, हेही तितकंच खरं. नाकातून सायनस, सायनसमधून डोळा, डोळ्यातून मेंदू असा हा प्रवास काही दिवसांत होतो. कित्येकांचे डोळे काढावे लागले. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते.

आकडे

२०२४ साली डेव्हिड डेनिंग यांनी जगभरची गोळाबेरीज प्रसिद्ध केली. वर्षाला सुमारे ६५ लाख लोकांना शरीरात खोलवर जाणारा बुरशीचा संसर्ग होतो आणि ३८ लाख मृत्यू होतात. त्यातले २५ लाख थेट बुरशीमुळे. तुलनेसाठी, क्षयरोगाने २०२३ मध्ये साधारण साडेबारा लाख माणसं गेली आणि मलेरियाने सहा लाखांच्या आसपास. डेनिंग यांचे आकडे जपून घ्यावेत असं मला वाटतं. अनेक देशांत बुरशीच्या तपासण्याच होत नाहीत, त्यामुळे अंदाजावर अंदाज रचावे लागतात. पण त्यांना निम्मं केलं तरी हा क्षयरोगाच्या तोडीचा मारेकरी ठरतो, आणि त्याच्यावर होणारा खर्च आणि संशोधन त्या मानाने किरकोळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. जिवाणूंची तशी यादी २०१७ सालीच आली होती. यादीत १९ बुरश्या आहेत. सगळ्यात वरच्या गटात चार: क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स, ॲस्परजिलस फ्युमिगेटस, कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा ऑरिस.

यातल्या शेवटच्या नावाने तज्ज्ञांची झोप उडवली आहे.

काखेतला थर्मामीटर

कॅन्डिडा ऑरिसचं पहिलं वर्णन २००९ साली जपानमधून आलं. एका वृद्ध बाईच्या कानातून ती मिळाली होती. काही वर्षांतच दक्षिण आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या रुग्णालयांत ती रक्तात सापडू लागली. एकाच ठिकाणाहून विमानाने पसरली असावी असं आधी वाटलं. जनुकं वाचल्यावर मात्र वेगळंच निघालं: प्रत्येक खंडातला वाण दुसऱ्यापासून फार दूरचा होता. म्हणजे ती वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे, पण जवळपास एकाच काळात माणसांत शिरली होती.

तिचा स्वभाव बुरशीपेक्षा रुग्णालयातल्या चिवट जिवाणूंसारखा जास्त आहे. इतर कॅन्डिडा आपल्या आतड्यात मुक्काम करतात; ही कातडीवर राहते, महिनोन्महिने. तिथून अंथरुणावर, पलंगाच्या कठड्यावर, उपकरणांवर जाते आणि कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे जिवंत राहते. रोजच्या वापरातली काही जंतुनाशकं तिच्यावर फारशी चालत नाहीत, क्लोरीनची चालतात. ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात मेंदूविकारांच्या आयसीयूत २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांच्या अंगावर ती आढळली. भिंती, फरशी, हवा सगळं तपासलं, तिथे फारशी हाती लागली नाही. शेवटी ती सापडली काखेत लावायच्या थर्मामीटरवर. ही उपकरणं पुसून एका रुग्णाच्या काखेतून दुसऱ्याच्या काखेत जात होती. ती वापरातून काढली आणि नव्या रुग्णांची संख्या उतरली. त्या सत्तरांपैकी सात जणांनाच आतला संसर्ग झाला. बाकीचे तिला नुसतेच अंगावर वागवत होते. पण शिरेत नळी किंवा लघवीची नळी असलेल्या माणसाला ही बुरशी अंगावर असणंच पुरेसं असतं, नळीच्या कडेने ती आत उतरते. रक्तात गेल्यावर तीनातला एक किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावतात. हे लोक आधीच अत्यवस्थ असतात, त्यामुळे नेमका दोष कुणाचा हे ठरवणं कठीण जातं.

औषधांच्या बाबतीत ती आणखी त्रास देते. बुरशीवरच्या औषधांचे मुख्य गट तीनच, त्यांच्याकडे पुढे येऊ. अमेरिकेतल्या नमुन्यांत दहातले नऊ एका गटातल्या फ्लुकोनाझोलला दाद देत नव्हते, तर तीनातला एक दुसऱ्या गटातल्या ॲम्फोटेरिसिनलाही. तिसऱ्या गटातली औषधं बहुतेकदा चालतात, पण काही वाण तिन्ही गटांना पुरून उरलेले आहेत.

ही बुरशी अचानक आली कुठून? कासादेवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तर्क मांडला, की पृथ्वीच्या तापमानवाढीने हिला ऊब सोसायला शिकवलं असावं. बाहेरचा उन्हाळा जसजसा अंगाच्या तापमानाजवळ सरकतो तसतसा आपला पहिला अडसर ठेंगणा होत जातो. दोन वर्षांनी अनुराधा चौधरी यांच्या गटाला अंदमानात, वाळूच्या किनाऱ्यावर आणि खाऱ्या दलदलीत ही बुरशी सापडली. माणसांच्या वर्दळीपासून दूरच्या जागेतला एक वाण औषधांना दबणारा होता आणि जास्त तापमानात हळू वाढत होता. जणू रुग्णालयात येण्याआधीची तिची अवस्था. मला हा तर्क आवडतो, पण एवढ्यावरून तो सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही. जी बुरशी ३७ अंशांना सरावली, तिने औषधांना दाद न देणं कुठून मिळवलं, हे तापमानवाढीने समजत नाही. त्यासाठी फवारण्या आणि औषधांचा बेसुमार वापर यांच्याकडे बघावं लागतं. क्रिप्टोकोकसच्या एका जातीवर झालेल्या प्रयोगात मात्र दिसलं आहे, की गरमीच्या ताणाखाली तिच्या जनुकांमधले उड्या मारणारे तुकडे कितीतरी पट जास्त उड्या मारतात आणि बदल वेगाने साचतात. उन्हाळा बुरशीला निवडतो, आणि वर तिच्या बदलण्याचा वेगही वाढवतो, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या कोरड्या मातीत राहणारी कॉक्सिडिऑइडिस धुळीबरोबर छातीत जाते, आणि ती धडधाकट माणसांनाही आजारी पाडते. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने दरडी कोसळून धुळीचे लोट उठले, त्यानंतर एकाच परगण्यात २०३ जण आजारी पडले आणि तिघे गेले. आता ती उत्तरेला पार वॉशिंग्टन राज्यातल्या मातीत सापडली आहे. कोरडे पट्टे वाढले तर तिची हद्दही वाढणार.

औषधं एवढी कमी का

जिवाणू आपल्यापासून इतका वेगळा आहे, की त्याला मारून आपल्याला न दुखवणारी डझनावारी औषधं निघाली. बुरशी मात्र आपली नातेवाईक आहे. वंशवृक्षात ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. तिच्या पेशीतही केंद्रक, तिची प्रथिनं बनवायची यंत्रणाही आपल्यासारखी. तिला लागणारं विष बहुधा आपल्यालाही लागतं. मारा करण्याजोगे फरक थोडेच: तिच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉलऐवजी अर्गोस्टेरॉल असतं, आणि बाहेर ग्लुकनची ती भिंत असते, जी आपल्या पेशींना नाहीच.

गंभीर संसर्गावरची जवळपास सगळी औषधं या दोन जागांवर बेतलेली आहेत. ॲम्फोटेरिसिन १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. अर्गोस्टेरॉल पकडतं, पण मूत्रपिंडांवर ताण आणतं. अझोल गटातली औषधं अर्गोस्टेरॉल बनूच देत नाहीत. तिसरा गट भिंतीवर काम करतो, त्यातलं पहिलं औषध २००१ साली आलं. माणसासाठी मान्यता मिळालेली बुरशीविरुद्धची एकही लस आजवर नाही.

त्यातही अझोल आपण एकटे वापरत नाही. पिकांवरची बुरशी मारायलाही अझोलच फवारतात, आणि त्यांचं लक्ष्य तेच असतं. ॲस्परजिलसला पिकाशी काही देणंघेणं नाही, ती शेतातल्या कचऱ्याच्या ढिगात राहते. पण फवारणीचा अंश त्या ढिगातही उतरतो आणि तिथे तग धरणारे वाण निवडले जातात. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून असे रुग्ण दिसू लागले, ज्यांनी आयुष्यात अझोलची एक गोळी घेतली नव्हती, तरी त्यांच्या फुप्फुसातली बुरशी अझोलला जुमानत नव्हती. तिथल्या फुलांच्या कंदांच्या कचऱ्यात तसेच वाण मिळाले. याचा पुढचा अध्याय मला जास्त अस्वस्थ करतो. ओलोरोफिम हे नव्या पद्धतीने काम करणारं औषध रुग्णांवरच्या चाचण्यांत असतानाच, नेमक्या त्याच जागेवर मारा करणारं इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीचं बुरशीनाशक बाजारात आलं. प्रयोगशाळेत एकाला सरावलेली ॲस्परजिलस दुसऱ्यालाही सरावलेली निघते. औषध अजून औषधांच्या दुकानात पोचायचं आहे आणि त्याला बोथट करण्याची सोय शेतात झालीसुद्धा. शेतीचे परवाने देणारं खातं वेगळं आणि औषधांना मान्यता देणारं वेगळं, ही त्यातली गोम. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या पाच संस्थांनी मिळून अझोलच्या प्रश्नावर एकत्र अहवाल दिला, तेव्हा कुठे ही दोन खाती एका टेबलावर आली.

नायट्याचीही हीच कथा, फक्त जीव जात नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावली की खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत खुशाल पसरते. अशा वापरातून टर्बिनाफिन या नायट्यावरच्या औषधाला न जुमानणारा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हा नायटा फोफावला आणि आता अनेक देशांत पोचला आहे.

मग साथ येईल का

महासाथ येण्यासाठी जंतूने माणसाकडून माणसाकडे सहज जायला हवं. बहुतेक बुरश्यांना ते जमत नाही, कारण त्यांना त्याची गरजच नाही. ॲस्परजिलस कचऱ्यात सुखी आहे. माणसाच्या फुप्फुसात ती चुकून शिरते आणि तिथून तिला पुढे वाट नसते. ताप, खोकला, शिंका यांतून पसरणारी बुरशी बनायला तिला आपलं सगळं जगणं बदलावं लागेल. नायटा, न्यूमोसिस्टिस आणि ऑरिस हे अपवाद आहेत, पण पहिला मारत नाही आणि दुसरे दोन धडधाकट माणसाला सहसा काही करत नाहीत. शिवाय दोन अडसर एकदम ओलांडणं, तेही निरोगी माणसांत, ही मोठी अट आहे.

मुंग्यांचा ताबा घेणाऱ्या बुरशीवरून पडद्यावर रंगवलेली भीती तर सोडूनच द्या. ओफिओकॉर्डिसेप्स या त्या बुरशीची एकेक जात मुंगीच्या एखाद-दुसऱ्या जातीपुरतीच मर्यादित असते. त्या जोड्या लाखो वर्षांत जुळलेल्या आहेत. त्या मुंगीच्या शेजारच्या मुंगीलाही ती वेठीला धरू शकत नाही, मग ३७ अंशांचा माणूस तर दूरच.

खरा धोका आहे तो संथ आणि विखुरलेला. नव्या जाती अधूनमधून ऊब सोसायला शिकणार, दुबळ्या प्रतिकारशक्तीची माणसं वाढणार, औषधांची धार कमी होत जाणार. कुठल्याही एका दिवशी मथळा होणार नाही. उद्या एखाद्या बुरशीमुळे हाडाच्या मज्जेचं प्रत्यारोपण फार जोखमीचं ठरू लागलं, तर ते कर्करोगाच्या उपचारांचं अपयश म्हणून मोजलं जाईल.

यात हाताशी असलेले उपाय मात्र अगदी साधे आहेत. क्रिप्टोकोकसच्या मेंदूज्वराचं उदाहरण घ्या. एचआयव्ही असलेल्यांमध्ये तो वर्षाला लाखाहून जास्त जीव घेतो, बहुतेक आफ्रिकेत. एड्सच्या मृत्यूंपैकी जवळपास पाचातला एक याच्या खात्यावर जातो. त्याचा अंश बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात, कागदी पट्टीवर, दहा-पंधरा मिनिटांत दिसतो, तोही लक्षणं सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी. उपचारासाठी पूर्वी ॲम्फोटेरिसिनची रोजची सलाइन लागायची. पाच आफ्रिकी देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की त्याचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या तितकंच काम करतात आणि त्रास कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये हीच पद्धत स्वीकारली. यातलं फ्लुसायटोसिन १९५७ साली बनवलं गेलं. त्याचं पेटंट कधीच संपलं आहे, गोळी तोंडाने घ्यायची आहे, आणि तरीही जिथे हा मेंदूज्वर सगळ्यात जास्त आहे अशा कित्येक देशांत ती अजून सहज मिळत नाही.